पाहुण्यांना रोजची शाळा दाखवा

परदेशी शिक्षक शाळेला भेट देणार असे ठरले की आपल्याकडे तयारीला जोर चढतो. फळ्यांना रंग लागतो, व्हरांड्यात रांगोळी पडते, लेझीमचे पथक सराव करू लागते, स्वागतगीत बसवले जाते आणि बरे इंग्रजी बोलणारी पाच-सहा मुले हेरून त्यांच्याकडून प्रश्नोत्तरे घोकून घेतली जातात. पाहुणा येतो, औक्षण होते, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात, फोटो निघतात. यामागचे प्रेम खरे असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्या दिवशी शाळा भरलेली नसते. पाहुणा जे पाहायला एवढ्या लांबून आला, नेमके तेच त्याला दिसत नाही. फैजपूर आणि परिसरातल्या शाळांचा दिवस कसा असतो हे परदेशी शिक्षकांना सांगणाऱ्या या पुस्तिकेमागची भूमिका सरळ आहे: पाहुण्याला रोजची शाळा दाखवावी, आणि ती अशी का आहे हे त्याला उमजेल एवढी सोय करावी. पुढची पाने पाहुण्यांसाठी आहेत. ही प्रस्तावना मात्र यजमानांसाठी, म्हणजे मुख्याध्यापक, शिक्षक, संस्थाचालक आणि पालक यांच्यासाठी आहे. रोजची शाळा दाखवायची की नाही, हे शेवटी त्यांच्याच हाती आहे.

पाहुणचार फैजपूरला नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले. शहर सोडून ग्रामीण भागात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ते पेलून नेले. शहरातल्या पुढाऱ्यांनी खेड्यात यावे, खेडे पाहावे, हा गांधीजींचा आग्रह होता. नंदलाल बोस यांनी अधिवेशनाची सजावट बांबूसारख्या साध्या, आसपास मिळणाऱ्या साहित्यातून केली. इथल्या लोकांना या इतिहासाचा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. पण या विषयाच्या संदर्भात त्यातली दुसरी बाजूही पाहायला हवी. ‘टिळकनगर’ ही अधिवेशनापुरती उभारलेली वस्ती होती. आलेल्या हजारो लोकांना इथल्या मातीचा साधेपणा दिसला, खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन दिसले. पण फैजपूरच्या घराघरातला रोजचा दिवस त्यातल्या किती जणांना दिसला असेल? अधिवेशनाचा हेतूच वेगळा होता, त्यामुळे तिथे तक्रारीला जागा नाही. शाळेला भेट द्यायला आलेल्या शिक्षकाचा हेतू मात्र रोजचा दिवस पाहणे हाच असतो. त्याच्यासाठी टिळकनगर उभारून भागत नाही.

रोजच्या दिवसाची सुरुवात परिपाठाने होते. बहुतेक परदेशी शिक्षकांना हा प्रकार नवा वाटतो, आणि म्हणून त्याचा अर्थ चुकीचा लावला जाण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त. उंचीप्रमाणे रांगा लागतात. राष्ट्रगीत होते. २०२३ पासून राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ होते. मग प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, पेपरातल्या बातम्या, बोधकथा, आणि शेवटी थोडे मौन. वरवर पाहणाऱ्याला यात फक्त शिस्त दिसेल, कदाचित काहीशी लष्करी. पण जरा थांबून पाहिले तर दिसते की परिपाठ मुलेच चालवतात. आज सातवीकडे असेल तर उद्या सहावीकडे. माइक असो वा नसो, दोनशे-तीनशे जणांसमोर उभे राहून चार ओळींची बातमी वाचण्याची वेळ अशा मुलांवरही येते, ज्यांच्या घरात कुणी कधी जाहीरपणे बोललेले नसते. ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मुळात तेलुगूत लिहिली. ती इथे मराठीत म्हटली जाते आणि उर्दू शाळेत उर्दूत. ही गोष्ट पाहुण्याला सांगितली, तर त्या रांगांचा अर्थ त्याला निराळा लागेल.

भाषेचा मुद्दा परिपाठापाशी संपत नाही. तिथून तो सुरू होतो. यावल-रावेरच्या या पट्ट्यात घरात बोलली जाते ती लेवा गणबोली. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्त्यांत तडवी आणि पावरी. काही घरांत अहिराणी, काहींत उर्दू. शेजारच्या मध्य प्रदेशातून कामासाठी आलेल्या कुटुंबांच्या बोली आणखी निराळ्या. पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. बऱ्याच शाळांत सेमी इंग्रजी आहे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. थोडक्यात, सहा वर्षांचे मूल वर्गात बसते तेव्हा त्याच्यासमोर दोन अनोळखी भाषा एकाच वेळी उभ्या असतात. अशा वर्गात बाई ‘वाटी’, ‘घागर’, ‘नांगर’ हे शब्द मुलांच्या बोलीत आधी म्हणून घेतात आणि मग पुस्तकाकडे वळतात, तेव्हा त्या जे करत असतात त्याला जगातल्या कुठल्याही शिक्षणशास्त्रात मोठी किंमत आहे. पण पाहुण्यासाठी म्हणून मुद्दाम इंग्रजीचा तास लावला, तर हे कौशल्य त्याच्या नजरेला पडत नाही. त्याला दिसतात ती अडखळत इंग्रजी बोलणारी मुले आणि घाबरलेले शिक्षक, आणि तेच चित्र तो सोबत घेऊन जातो. बहिणाबाई चौधरींच्या जळगाव जिल्ह्यात, जिथल्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे, बोलीची लाज वाटण्याचे काही कारण नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. पाहुणा वर्गात जाईल आणि सामूहिक पठण ऐकेल. पाढे, कविता, व्याख्या, सगळे एका सुरात. त्याच्या देशात शिक्षक-प्रशिक्षणात ज्याला जुनाट म्हणून बाजूला सारले गेले, तेच त्याला इथे पहिल्या तासाला भेटेल, आणि त्याचे मत तिथेच बनेल. यावर दोन प्रकारची उत्तरे दिली जातात आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. एक म्हणजे, ‘आमची परंपरा मौखिक आहे, तुम्हाला ती कळणार नाही.’ दुसरे म्हणजे पाहुणा येणार म्हणून त्या दिवसापुरते पठण बंद ठेवून मुलांच्या हाती चार्ट आणि मणी देणे. खरे उत्तर अधिक कष्टाचे आहे. पठण काही गोष्टी करते. ज्या मुलाला एकट्याने तोंड उघडायचे धाडस होत नाही, त्याचा आवाज तिथे इतरांच्या आवाजात मिसळून बाहेर पडतो. प्रमाण मराठीचे उच्चार जिभेवर बसतात. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांना एकाच वेळी कामाला लावण्याचा तो एक मार्ग असतो. पण पठण काही गोष्टी लपवतेही. सोळाच्या पाढ्यात कोण खरोखर म्हणतो आहे आणि कोण नुसते ओठ हलवतो आहे, हे त्या सुरात कळत नाही. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या ग्रामीण पाहण्या २००५ पासून हेच सांगत आल्या आहेत. देशभरात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सरळ वाचता येत नाही. तेव्हा पाहुण्याला पठण ऐकवावे, आणि त्यानंतर तोच शिक्षक मागच्या बाकावरच्या चार मुलांना जवळ घेऊन एकेकाकडून वाचून घेतो, तेही दाखवावे. जिथे असे एकेकाकडून वाचून घेतले जात नसेल, तिथे ती उणीवही त्याला दिसू द्यावी. तिच्यावर तो काही सुचवू शकला तर भेटीचे चीज झाले.

मधली सुट्टी आणि खिचडी यांवर पुस्तिकेत बरीच पाने खर्ची घातली आहेत, आणि ती योग्यच आहेत. शालेय पोषण आहार १९९५ मध्ये सुरू झाला तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेतच शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला आणि मग शाळेत चूल पेटली. आजच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीसाठी हेच आकडे १५० ग्रॅम, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम असे आहेत. पण पाहुण्याने आकड्यांच्या आधी खिचडी वाटपाची वेळ पाहावी. सकाळीच हजेरीवरून आकडा काढून मदतनीस ताईंना सांगितला जातो, त्याप्रमाणे डाळ-तांदूळ मोजला जातो. खिचडी तयार झाली की वाढण्याआधी एक शिक्षक ती चाखतो आणि चव-नोंदवहीत तारीख, पदार्थ, शेरा आणि सही करतो. मग मुले हात धुऊन, घरून आणलेली ताटे घेऊन ओळीने बसतात. ओळीत कोण कुणाच्या शेजारी बसले आहे, ते पाहुण्याला दिसणार नाही. ते त्याला सांगावे लागेल. याच खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांची कामे ते स्वतःच्या हातांनी करत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढत. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. ज्या समाजात पंगती जातीने लागत, तिथे एकाच भांड्यातली खिचडी सगळ्यांनी एका रांगेत खाणे ही लहान गोष्ट नाही. आणि जिथे अजूनही कुणी आपले ताट घेऊन जरा लांब बसत असेल, तिथे शाळेचे काम संपलेले नाही. हे पाहुण्यापासून दडवून शाळेचा मान वाढत नाही.

शिक्षक वर्गातून अचानक उठून जातो, यानेही पाहुणे बुचकळ्यात पडतात. मुख्याध्यापकांचा निरोप येतो, तालुक्याहून तातडीची माहिती मागवलेली असते, आधार जुळवणी, पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, नाहीतर मतदार यादीचे काम. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे म्हटले आहे. त्या तीन अपवादांतच बरेच काही मावते, आणि त्याबाहेरचे कागदी काम तर शैक्षणिकच मानले जाते. दोन-तीन वर्ग एकाच शिक्षकाकडे असलेल्या लहान शाळेत याचा अर्थ असा होतो की मुलांचा तो तास गेला. पाहुण्याला हे दिसले नाही, तर ‘शिक्षक वर्गात थांबत नाहीत’ एवढेच तो टिपून घेईल. कारण सांगितले तर ज्याचा दोष आहे त्याच्याच पदरी पडेल.

दिवसाचा आकार ऋतूवरही ठरतो. जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा पाहुण्याने नकाशावरून ओळखू नये. मार्चपासून शाळा सकाळची होते, दुपार होण्याआधी सुटते, आणि एप्रिल-मे मधला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी आणि दहावीच्या बोर्डाच्या परीक्षा असतात, तेव्हा माध्यमिक शाळेत शिकवणे नसते, उजळणी आणि काळजी असते. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाची धावपळ. केळीचे वेळापत्रक तर बारमाही चालू असते. जून-जुलैची मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग, यांच्या लागवडीत आणि पुढे कापणीच्या दिवसांत मोठी माणसे पहाटेच शेतात जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठी बहीण घरी राहते आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळवून देणाऱ्या कष्टांचा एक हिस्सा त्या गैरहजेरीतही आहे. म्हणून पाहुण्याला बोलवायचे तर जुलै-ऑगस्ट किंवा दिवाळीनंतरचा काळ उत्तम. भेट दोन दिवसांची नको, निदान आठवडाभराची हवी, आणि ती एकाच वर्गासोबत.

या भूमिकेवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: घरातली उणीदुणी परक्याला कशाला दाखवायची? आक्षेप दुर्लक्ष करण्यासारखा नाही. आपल्या देशाकडे दयेच्या चष्म्यातून पाहणाऱ्या परदेशी लिखाणाचा अनुभव आपल्याला आहे, आणि गळक्या छताचा फोटो कुठल्या निधिसंकलनाच्या पत्रकावर छापला जाईल याची शाश्वती नसते. पण त्यावरचा उपाय छत झाकणे हा नाही. फोटो कोणते घ्यायचे, कुणाची परवानगी घ्यायची, मुलांची नावे-चेहरे कुठे वापरायचे नाहीत, याचे नियम आधी लेखी ठरवावेत आणि ते पाहुण्याकडून पाळून घ्यावेत. पुस्तिकेत ते दिले आहेत. शिक्षेबद्दलही तेच. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. एखाद्या वर्गात पाहुण्याला छडी दिसली, तर त्याने ते मुख्याध्यापकांना सांगावे, आणि मुख्याध्यापकांनी ते गंभीरपणे घ्यावे. ‘आमच्याकडे असे चालते’ हे उत्तर देऊ नये, कारण कायद्याने ते चालत नाही.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो, आणि तो अधिक आपुलकीतून येतो. परदेशी शिक्षक आला आहे, तर त्याने मुलांना इंग्रजी शिकवावे, उच्चार तरी सुधारतील. या अपेक्षेत मला मुलांविषयीची काळजी दिसते. पण पाच दिवसांत उच्चार सुधारत नाहीत, आणि त्या पाच दिवसांत वर्गशिक्षक मात्र आपल्याच वर्गात पाहुणा होऊन बसतो. बाहेरून आलेल्या शिक्षकांनी इथल्या शिक्षणाला खरोखर काही दिले, ते कसे दिले, हेही पाहावे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या, पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी नगरला त्यांची मुलींची शाळा पाहिली होती, आणि जोतीरावांच्या पुण्यातल्या कामाला त्यातून प्रेरणा मिळाली. मार्जरी साइक्स १९२८ मध्ये इंग्लंडहून मद्रासच्या मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, तमिळ शिकल्या, शांतिनिकेतनात बंगाली शिकल्या, आणि नंतर सेवाग्रामला नई तालीमच्या शिक्षकांचे प्रशिक्षण त्यांनी सांभाळले. दोघींनीही आधी पाहिले, भाषा शिकल्या, वर्षे दिली. आठवड्यासाठी येणाऱ्या शिक्षकाकडून आपण त्यांच्याएवढी अपेक्षा करू शकत नाही. त्याने त्या क्रमाची पहिली पायरी तेवढी नीट चढावी: मागच्या बाकावर बसून पाहावे.

याचा अर्थ देवाणघेवाण एकतर्फी ठेवावी असा नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी रकमेचा अर्धा वाटा अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना दिला. आपला शिक्षक जगाकडून नुसता घेणारा आहे, हा समज त्यानंतर तरी कुणी बाळगू नये. फैजपूरच्या बाईंना बहुभाषिक वर्ग सांभाळण्याचा जो अनुभव आहे, तो आज युरोपातल्या कितीतरी शहरांतल्या शिक्षकांना हवा आहे, कारण त्यांच्या वर्गांतही आता दहा घरांच्या दहा भाषा आहेत. त्या दोघांची खरी भेट शाळा सुटल्यावर शिक्षकखोलीत होईल, चहा घेताना, दैनिक टाचणाची वही मध्ये ठेवून. तिथे दुभाषी असावा, आणि तो इंग्रजीचा शिक्षकच असावा असे नाही. गावात बाहेर शिकून आलेली तरुण मुले आहेत, त्यांना बोलवावे. शिक्षकाने आपल्या भाषेत मोकळेपणाने बोलावे. तोडक्या इंग्रजीत बोलून आपले ज्ञान अर्ध्यावर आणू नये.

मुख्याध्यापकांना एक व्यावहारिक विनंती. पहिल्या दिवशी स्वागताचा कार्यक्रम ठेवू नका. तो ठेवायचाच असेल तर शेवटच्या दिवशी ठेवा, तेव्हा पाहुणा मुलांना ओळखत असेल. पहिल्या सकाळी परिपाठात त्याची दोन वाक्यांत ओळख करून द्या आणि त्याला वर्गात पाठवा. वर्गशिक्षकांनी हजेरीपटावरची नावे एकदा त्याच्याबरोबर वाचून घ्यावीत, म्हणजे ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या जिभेवर थोडे तरी बसतील, आणि दुसऱ्या दिवशी हजेरी त्याला घेऊ द्यावी. उच्चार चुकला की मुले हसतील आणि दुरुस्त करतील. त्या आठवड्यात मुलांनी त्याला शिकवलेली ती पहिली गोष्ट असेल, आणि पुढचे दिवस ती मुले त्याच्याशी न लाजता बोलू लागतील.